प्रस्ताव पाठवायचाय? मग संक्रांतीआधी बसा



दिवाळीच्या फराळाचे डबे धुऊन ज्याचे त्याला परत गेले आणि साडेचारलाच अंधार पडू लागला की आपल्या घरांतून अर्जांचा हंगाम सुरू होतो. मुलांचे कॉलेजचे अर्ज, उन्हाळी कामाचे अर्ज. गेली काही वर्षे त्यात आणखी एक भर पडली आहे, ती संगणक क्षेत्रातल्या परिषदांना पाठवायच्या प्रस्तावांची. ‘ग्रेस हॉपर सेलिब्रेशन’ आणि ‘टॅपिया’ ही दोन नावे मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलाभोवती हल्ली वरचेवर कानावर येतात. पण सूर बहुधा एकच असतो, "जायला आवडेल हो, पण आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे?"

अशा परिषदांसाठी आलेले प्रस्ताव वाचून गुण देण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगते, आपल्या मंडळींकडे सांगण्यासारखे खूप असते, फक्त ते कागदावर उतरत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्रेस हॉपर या गणितातल्या विदुषी. जन्म १९०६चा, येल विद्यापीठाची डॉक्टरेट १९३४ची. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकन आरमारात दाखल झाल्या आणि हार्वर्डच्या मार्क-१ या अवाढव्य यंत्रावर काम करू लागल्या. माणसाला कळणाऱ्या भाषेत लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम यंत्रानेच करावे, हा आज साधा वाटणारा विचार त्यांनी १९५२च्या सुमारास प्रत्यक्षात आणला. त्यांच्या नावाने अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी १९९४ साली वॉशिंग्टनमध्ये पहिली परिषद भरवली. तेव्हा सुमारे ५०० जण आले होते, पुढे ही संख्या हजारोंच्या घरात गेली. दुसरी परिषद राइस विद्यापीठातले गणितज्ञ रिचर्ड टॅपिया यांच्या नावाची. ते मेक्सिकोतून आलेल्या आईवडिलांचे चिरंजीव. ती २००१ साली ह्यूस्टनला सुरू झाली आणि तिचा भर वंश, पार्श्वभूमी, अपंगत्व अशा अनेक कारणांनी या क्षेत्रात मागे राहिलेल्यांवर आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अमेरिकेतल्या संगणक क्षेत्रात भारतीय पुरुष काही अल्पसंख्य म्हणून दुर्लक्षित नाहीत, उलट आपण गर्दीच केली आहे. २०२३ साली ऑर्लंडोच्या ग्रेस हॉपर परिषदेत नोकरी मेळाव्यासाठी पुरुषांच्या रांगा लागल्या आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. आपल्या मुलग्यांनी या परिषदांना जाऊच नये असे माझे म्हणणे नाही, पण यजमानाच्या घरी पंगतीत आधी कोणाला बसवायचे एवढे भान असावे. आणि विविधतेवर बोलायचे तर आपल्या घरातही डोकवावे. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला, तो काही उगीच नाही. एकाच कॉलेजचे, एकाच पेठेतले चार वक्ते घेऊन ‘विविधता’ या विषयावर परिसंवाद ठरवला तर त्याला भिशी म्हणतात.

आता प्रस्तावाकडे वळू. मुख्य प्रकार दोन. सत्र म्हणजे भाषण, परिसंवाद किंवा कार्यशाळा. तिथे तुम्ही श्रोत्यांचा पाऊण तास किंवा तास मागत असता. पोस्टर म्हणजे आपले काम एका मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे राहायचे, लोक येतील तसे समजावून सांगायचे. विद्यार्थ्यांनी शक्यतो पोस्टरपासून सुरुवात करावी. शरद ऋतूतल्या परिषदेचे सत्र-प्रस्ताव साधारण सहा ते आठ महिने आधी मागवतात, म्हणजे बर्फ अंगणात असतानाच. शीर्षकात संक्रांत आली ती त्यामुळे.

सत्राच्या प्रस्तावात सगळ्यात जास्त माती कुठे खाल्ली जाते, तर शीर्षकात आणि पहिल्या दोन वाक्यांत. ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान: आव्हाने व संधी’ असे शीर्षक मी इतक्या वेळा वाचले आहे की आता डोळे आपोआप पुढच्या कागदाकडे जातात. त्यात चूक काहीच नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. परीक्षकापुढे गठ्ठा असतो, आणि तोही रात्रीची भांडी आवरल्यावर वाचायचा. त्याला पाहिजे असते ते एवढेच: ऐकणारा माणूस कोण, तो खोलीतून बाहेर पडताना हातात काय घेऊन जाणार, आणि हे सांगायला तुम्हीच का?

आपल्यातलेच उदाहरण घेऊ. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या कितीतरी इंजिनियर मुली इथे वर्षानुवर्षे घरी बसल्या, कारण काम करायची परवानगीच नव्हती. मे २०१५पासून त्यांच्यापैकी काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचले होते अशांना, परवाना मिळू लागला. समजा, त्यातल्या एकीला सात वर्षांच्या खंडानंतर नोकरी मिळाली. ती प्रस्तावात लिहिते, "करियरमधील खंड आणि पुनरागमन यावर मी माझे विचार मांडेन." परीक्षक पान उलटतो. तिनेच जर लिहिले की, "सात वर्षांनंतर कामावर गेल्यावर पहिल्या नव्वद दिवसांत दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला मी कसे शिकले, त्यासाठी केलेली तीन टिपणे मी दाखवीन, आणि श्रोते स्वतःसाठी तसेच एक टिपण तिथेच तयार करतील," तर तो थांबतो. बाई तीच, अनुभव तोच. पण दुसऱ्या वेळी तिने आपला अनुभव इतरांना वापरता येईल असा करून दिला. मग वेळेची वाटणी द्या: ४५ मिनिटे असतील तर १० मिनिटे गोष्ट, १५ मिनिटे टिपणे, १५ मिनिटे श्रोत्यांचा सराव, उरलेली प्रश्नांना. एवढे लिहिले की समोरच्याला खात्री पटते की ही बाई आयत्या वेळी माईकपुढे गांगरणार नाही.

आणि एक आपला खास मराठी रोग. ‘मी केले’ म्हणताना आपली जीभ अडखळते. लहानपणापासून फुशारकी मारू नये असे शिकवलेले असते, ते चांगलेच आहे. पण त्यामुळे प्रस्तावात सगळीकडे ‘आम्ही’ येतात, नाहीतर ‘करण्यात आले’ येते. कोणी केले? पाचजणांच्या गटात तुम्ही नक्की काय केलेत? ‘आमच्या गटाने प्रणाली बनवली, त्यातली चाचणीची बाजू मी एकटीने उभी केली,’ असे लिहिले तर त्यात गर्व नाही, नुसता हिशोब आहे. वाणी दुकानात वजन सांगतो तसा.

आता पोस्टर. ‘मोठे संशोधन नाही’ म्हणून मुली मागे सरतात, त्यांच्यासाठी घरातल्याच एका गमतीपासून पोस्टर कसे तयार होते ते पाहू. ‘रामाला भाला मारा’ हे उलटसुलट सारखे वाचता येते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला शाळेत कोणीतरी सांगितलेले असते. आता कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला हेच तपासणारा प्रोग्राम लिहायला सांगा. ती इंग्रजी शब्दांसाठी शिकवलेली रीत वापरील, आणि संगणक म्हणेल की नाही, हे उलटसुलट सारखे नाही! कारण संगणकाच्या लेखी ‘रा’ हे एक अक्षर नसून ‘र’ आणि काना अशी दोन चिन्हे असतात. उलटे वाचले की काना आधी येतो आणि सगळा विचका होतो. जोडाक्षरात तर आणखी मजा. ‘स्त्री’ हे आजीच्या लेखी एक अक्षर. युनिकोड या जागतिक संकेतात ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे होतात, आणि इंटरनेटवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत साठवताना १८ बाइट घेतात.

इथपर्यंत गंमत झाली. पोस्टर व्हायला त्यातून प्रश्न निघावा लागतो. युनिकोडच्या नियमांत वाचकाला ‘एक अक्षर’ वाटणारी एकके कशी तोडायची हे सांगितलेले आहे. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम त्यात आला. त्याआधीच्या नियमाने ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत, नव्या नियमाने ते एक. मग प्रश्न असा: नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांपैकी कोणत्या हा नवा नियम पाळतात? शंभर मराठी शब्द घ्या, आईकडून किंवा आजीकडून प्रत्येकातली अक्षरे मोजून घ्या, तेच चार भाषांमध्ये संगणकाकडून मोजून घ्या, आणि फरकांचा तक्ता मांडा. दोन महिन्यांचे काम आहे. आजी आनंदाने मदत करील, आणि तिचे नाव पोस्टरच्या खाली आभारात घाला.

ही काही शाळेतली मौज नव्हे. लेखनाच्या चौकटीत किती अक्षरे मावतात, बॅकस्पेस दाबल्यावर काय पुसले जाते, आपले नाव अर्जात अर्धे कापले जाते का, हे सगळे या मोजणीवर अवलंबून असते. प्रस्तावात हे सांगितलेच पाहिजे, कारण परीक्षकाला देवनागरी येत नसणार.

एसीएम ही संगणकशास्त्राची जुनी संस्था विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा अनेक परिषदांमधून भरवते, पदवीच्या आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांची वेगवेगळी. तिथे गोषवारा चार अंगांनी मागतात: प्रश्न काय व का, आधी कोणी काय केले आहे, तुमची रीत कोणती व तिच्यात वेगळे काय, आणि हाती काय आले. स्पर्धेत उतरायचे नसले तरी गोषवारा याच क्रमाने लिहावा. यातले दुसरे अंग आपली मुले हमखास गाळतात. ‘हे आजवर कोणीच केलेले नाही’ असे लिहिणे फार धोक्याचे, कारण वाचणाऱ्यांपैकी एखाद्याने ते स्वतःच केलेले असते.

निकाल अर्धवट असले तर? चालतात. पण ‘काम चालू आहे’ एवढ्यावर भागत नाही. शंभरपैकी तीस शब्द झाले असतील तर तीस लिहा आणि त्यांत काय दिसले ते सांगा.

ग्रेस हॉपरबाई व्याख्यानांत साधारण तीस सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटत असत. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढीच जाऊ शकते, हे सैन्यातल्या अधिकाऱ्यांनाही त्या तारेने कळे. पोस्टरपाशी उभे राहताना अशी एखादी तार आपल्याकडे असावी. वरच्या उदाहरणात ती ‘स्त्री’ हा शब्द मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली सुटी पडलेली सहा चिन्हे. मजकूर कमी ठेवा. चार-पाच फुटांवरून वाचता आले पाहिजे, आणि कडेला मोकळी जागा दिसली तर ती भरून काढायचा मोह आवरा. कापडावर छापून घेतले तर घडी करून बॅगेत जाते, पुठ्ठ्याची नळी विमानात सांभाळत बसावे लागत नाही.

आईबाबांना एक विनंती. प्रस्ताव मुलीला लिहू द्या. तुम्ही फक्त ‘म्हणजे काय?’ एवढेच विचारा, आणि तिने उत्तर तोंडी दिले की म्हणा, हेच लिही. संगणकाकडून आयता मजकूर लिहून घेण्याची सोय आता घरोघरी आहे. त्यामुळेच अलीकडे निम्मे गोषवारे एकाच आईची लेकरे वाटतात, गुळगुळीत आणि कोणाचेच नसलेले. शुद्धलेखन तपासायला वापरा हवे तर.

नोकरी करणाऱ्यांनी कंपनीची लेखी परवानगी आधी घ्यावी. त्याला कधीकधी आठवडे लागतात, आणि मंजूर झालेला प्रस्ताव मागे घेण्यासारखी नामुष्की नाही. विद्यार्थ्यांनी व्हिसाच्या अटी नीट वाचाव्यात. सरकारी पैशावर चालणाऱ्या उन्हाळी संशोधनाच्या काही योजना, उदाहरणार्थ नॅशनल सायन्स फाउंडेशनची आरईयू, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहेत. एच-४वरच्या मुलांना तिथे दार बंद. म्हणून पोस्टरसाठी काम हवे असेल तर आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनाच जाऊन विचारावे. प्रवासखर्चाच्या शिष्यवृत्तीच्या अटी दरवर्षी बदलतात. जानेवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढल्यापासून पुष्कळ कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी हात आखडता घेतला आहे, तेव्हा परिषद कुठे आहे, कधी आहे, पैसे कोण देणार, हे तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या पत्रकात पाहावे.

जाता जाता एक आठवण. २०२४ साली ग्रेस हॉपर परिषद फिलाडेल्फियाला भरली. त्याच शहरात १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. प्रबंधाला त्यांनी विषय निवडला होता तो हिंदू लोकांमधल्या प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे आपल्या घरचाच.

तर, संक्रांतीच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी दुपारी दोन वाजता गावच्या लायब्ररीच्या खालच्या खोलीत बसायचे ठरले आहे. अर्धे लिहिलेले गोषवारे, नुसती शीर्षके, काहीही आणा, प्रत्येकी तीन झेरॉक्स प्रती. एकमेकांचे वाचू आणि लाल पेन्सिल चालवू. नव्याने कामाला लागलेल्या ज्या मैत्रिणी ‘मी काय सांगणार’ म्हणून येत नाहीत त्यांना गाडीत घालून आणण्याची जबाबदारी त्यांच्या शेजारणींवर. मसालेभात माझ्याकडे, मठ्ठा कोणी आणणार असल्यास फोन करावा.