भाराखाली अडखळणारे इंजिन

सपाटीवर निमूटपणे धावणारी मोटारसायकल चढावरच का अडखळते, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी उपस्थित झाला. पुतण्या सूनबाईंस मागे बसवून कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढत असता त्याच्या जुन्या गाडीचे इंजिन दम सोडू लागले, आणि पाठीशी मालमोटार! दैवयोगाने उभयता सुखरूप परत आली.

डोंबिवलीचा मिस्त्री कार्ब्युरेटर उघडण्यास निघाला. मी म्हणालो, "बाबा रे, आधी अन्वय-व्यतिरेक पाहू. एका वेळी एकच वस्तू बदलावी."

कारण असे की, मूठ पिळली म्हणजे सिलिंडरात मिश्रण अधिक शिरते, दाब वाढतो, आणि त्या दाटीतून ठिणगी उडण्यास विद्युद्दाबही अधिक लागतो. प्लगची फट पुष्कळ गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ती झिजून रुंदावली किंवा टोपीतून वीज गळू लागली, तर सपाटीवर निभावते, चढावर नाही. पेट्रोल अपुरे आले तरी लक्षण हेच. मात्र तेव्हा प्लगचे टोक पांढरे पडते. हवेची गाळणी तुंबल्यास त्यावर काजळी धरते.

आमचा प्लग विटकरी निघाला. म्हणजे मिश्रण निर्दोष. रात्री अंधारात मूठ पिळताच टोपीच्या तड्यातून निळी ठिणगी इंजिनाच्या अंगावर उडताना दिसली. तेथे हात मात्र लावू नये. टोपी बदलली आणि व्याधी गेली.

घाटात इंजिन अडखळल्यास हट्ट न करता डावीकडे सुरक्षित जागी थांबावे. यंत्राची परीक्षा पाहण्याचे ते स्थळ नव्हे.