मऊ प्रवाळ : वाढीला आधी कुंपण

समुद्री टाकी नव्यानं ठेवणारा माणूस दुकानात विचारतो, "लवकर वाढेल असं कुठलं?" माझं म्हणणं, प्रश्न उलटा करा. "वाढलं तर मला आवरेल असं कुठलं?"

मऊ प्रवाळाला दगडी प्रवाळासारखा चुन्याचा अखंड सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून त्यातल्या काही जाती झपाट्यानं पसरतात. ग्रीन स्टार पॉलिप चटईसारखं दगडावरून काचेवर चढतं. झेनिया हळूहळू सरकत जातं. केनिया ट्री फांद्या गाळतं आणि त्या पडतील तिथं रुजतात. लेदर कोरल एका जागी राहतं, पण पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला दडपतं.

यावर उपाय काय? पसरणारी जात मुख्य खडकाला चिकटवू नका. वाळूत सुटा दगड ठेवून त्यावर लावा, म्हणजे भोवती वाळूचं कुंपण होतं. कडेपर्यंत आलं की कात्रीनं छाटा. छाटताना पंप बंद ठेवा आणि तुकडा न् तुकडा वेचा. रसायनांसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरा, पाणी नियमित बदला. तापमान २५-२६ अंश, घनता १.०२५ च्या आसपास ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागंच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा दगड कधीही उकळू नका. वाफेतून विषबाधा होते.

खरेदी करताना कायदाही लक्षात ठेवा. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून "एवढासा तुकडा" उचलणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

आता उरलेल्या तुकड्यांचं काय? आपल्याला वाटतं, जीव आहे, समुद्रात सोडून देऊ, तेवढंच पुण्य. व्हेनेझुएलात नेमकं असंच काहीसं घडलं. आपल्या बाजूच्या समुद्रांतलं युनोमिया नावाचं मऊ प्रवाळ, बहुधा मत्स्यालयाच्या व्यापारातून, तिथल्या समुद्रात पोचलं आणि तिथल्या प्रवाळांवर, समुद्री गवतावर पसरलं. तेव्हा तुकडे दुसऱ्या टाकीवाल्याला द्या, नाहीतर पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. सुकापूरहून गाढी नदी, पनवेलची खाडी आणि पुढे समुद्र, अशी वाट आहे. त्या वाटेवर आपल्या टाकीतलं काही जाऊ देऊ नका.

ज्याला आपण वाढवलं, त्याच्या वाढीचा जबाबही आपणच द्यायचा. दया दाखवायची असेल, तर ती दुकानात निवड करतानाच दाखवावी.