वाऱ्याची शेती : सही करण्यापूर्वी काय पाहाल?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचे पठार आहे. उंची सुमारे 1,150 मीटर, जमीन वरकस, शेती पावसावरची. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि ओसाड माळाला भाव आला.

या पठारावर चक्क्या उभारणाऱ्या सुझलॉन कंपनीचे मूळ एका कापडवाल्याच्या वीजबिलात आहे. तुलसी तांती (निधन 2022) यांचा गुजरातेत कापडाचा व्यवसाय होता. वीज महाग आणि बेभरवशाची, म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या व पुढे 1995 मध्ये ही कंपनीच काढली. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना ही व्यथा समजावून सांगायला नको. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळे. त्यामुळे काही चक्क्या वारा पाहून कमी आणि प्राप्तिकर पाहून जास्त उभ्या राहिल्या!

वाऱ्याचा हिशेब वेगळाच असतो. वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. सेकंदाला 6 मीटर आणि 8 मीटर हा फरक किरकोळ वाटतो, पण शक्ती दुपटीहून अधिक वाढते. म्हणून आधी मनोरा उभारून किमान वर्षभर वारा मोजतात. आपल्याकडे जोराचा वारा मुख्यतः पावसाळ्यातला, तेव्हा दोन-चार महिन्यांच्या मोजणीला अर्थ नाही. शिवारात असा मनोरा दिसला की दलालाच्या आधी वकील गाठावा.

जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाया, रस्ता आणि क्रेनची जागा सोडली तर भोवतीच्या रानात पीक घेता येते. मात्र करार 20-25 वर्षांचा असतो, म्हणून तो नोंदणीकृतच हवा. भाडे किती व वाढ कधी, पिकाची भरपाई कोण देणार, कंपनीने चक्की दुसऱ्याला विकली तर भाडे कोणाकडून घ्यायचे, आयुष्य संपल्यावर लोखंड व काँक्रीट कोण काढणार, हे सारे त्यात असावे. मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही ताकीद सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहेच. तरी आपले बांधव कोऱ्या कागदावर अंगठा देतात! सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर शासनाची परवानगी लागते. जमीन मशिदीची वा दर्ग्याची वक्फ असेल, तर ती विकता येत नाही आणि वक्फ बोर्डाच्या पूर्वमंजुरीशिवाय भाड्यानेही देता येत नाही. मुतवल्लींनी हे ध्यानात ठेवावे.

आता कारागिरांविषयी. गवंडी, वेल्डर, सळई बांधणारे, ट्रकवाले, वायरमन, खानावळवाले, सर्वांना काम मिळते, पण ते उभारणीपुरते. नंतर देखभालीला मोजकीच माणसे लागतात. तेव्हा या भरवशावर व्याजाचे कर्ज काढून ट्रक घेऊ नये. काम बहुधा पोटठेकेदाराकडून येते. लेखी कार्यादेश घ्यावा आणि बिल पंधरा दिवसांनी वसूल करावे. थकले तर काम तेथेच थांबवावे, कारण पाती चढल्यावर ठेकेदार पुढच्या गावी गेलेला असतो.