पंचाण्णव अंशांवरचं गणित

मुंबईत माहुलकडे जाताना तेलशुद्धीकरण कारखान्यांचे मनोरे लांबूनच दिसतात. बर्मा-शेलचा, म्हणजे आताच्या भारत पेट्रोलियमचा कारखाना इथे 1955 साली सुरू झाला. आज हिंदुस्तान पेट्रोलियमकडे असलेला शेजारचा त्याच्याही एक वर्ष आधी. ऊर्ध्वपातनाचा मनोरा बाहेरून अगदी निश्चल असतो. आत मात्र ट्रेमागून ट्रे, खालून वाफ चढतेय, वरून द्रव उतरतोय. प्रत्येक ट्रेचं तापमान वरच्या-खालच्या ट्रेवर ठरतं आणि त्यांचं ह्याच्यावर. मग हिशेब सुरू कुठून करायचा? कुठूनच नाही! सगळी समीकरणं एकदमच सोडवावी लागतात.

अशा कामाला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हे मनोऱ्याच्या एका ट्रेएवढ्या उदाहरणावर बघू. बेंझिन आणि टोल्युइन समान मोल घ्या, वातावरणाच्या दाबाला 95 अंश सेल्सियसवर ठेवा. वाफ किती होईल? सुमारे 43 टक्के. त्या वाफेत बेंझिन 63 टक्के, उरलेल्या द्रवात जेमतेम 40. नुसत्या उष्णतेने मिश्रण आपलं आपण निवडलं जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

हे गणित पायथनमध्ये किंवा सायलॅबमध्ये दहा-पंधरा ओळींत होतं. सायलॅब हे मूळचं फ्रान्समधलं, मोफत आणि मुक्त. त्यात समीकरण सोडवायला ‘एफसॉल्व्ह’ म्हटलं की पडद्यामागे मिनपॅक कामाला लागतं, 1980 च्या सुमारास अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेत फोरट्रानमध्ये लिहिलेलं. जुनं म्हणून टाकून द्यावं असं इथे काही नाही. उलट इतकी वर्षं घासूनपुसून निघालेल्या गणितावर मी डोळे झाकून विसंबेन.

पण ट्रे वाढले की दहा ओळींचं जंगल होतं. तिथे ओपनमॉडेलिका कामी येतं. नेहमीच्या भाषेत बरोबरचं चिन्ह म्हणजे हुकूम: उजवीकडचं काढ, डावीकडे ठेव. ओपनमॉडेलिकाच्या मॉडेलिका भाषेत ते खरंच समीकरण असतं. कुठल्याही क्रमाने लिहा. काय आधी सोडवायचं ते यंत्र शोधतं. मनोऱ्याच्या आतही क्रम नसतोच, म्हणून हे साधन त्याला इतकं साजतं. आणि अख्खा कारखाना पडद्यावर मांडून बघायचा असेल तर डीडब्ल्यूसिम आहे.

ही सारी साधनं विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचं मोठं काम पवईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने केलंय. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा प्रकल्प. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून सर्वांना खुली केली. महागड्या परवान्याअभावी कुणा मुलाचं गणित अडू नये, यापेक्षा मोलाचं काम कुठलं?

आता त्याच मिश्रणाचं तापमान 95 वरून 100 अंश करा. आपल्या दहा ओळी बिनदिक्कत सांगतील, वाफ 122 टक्के! समीकरणाच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. प्रत्यक्षात 99 अंशांच्या आसपासच सगळा द्रव वाफ होऊन गेलेला असतो. डीडब्ल्यूसिम आधी तपासतं की द्रव शिल्लक आहे का, आणि मग शंभर टक्के सांगतं. स्वतःच्या दहा ओळी वापरायच्या असतील तर हा प्रश्न आपणच त्यांत लिहावा लागतो.