आकडा वेगळा निघाला म्हणून खोटा ठरत नाही

निगडी प्राधिकरणात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे एक जण चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला असतो आणि दुसरा तळवड्याच्या किंवा हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत. दोघांचाही दिवस आकडे बघण्यात जातो. कारखान्यात कंट्रोल चार्टवरचा एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेला, की त्यामागचं कारण शोधायचं, हा नियम असतो. सॉफ्टवेअर टीमच्या रिव्ह्यूमध्ये तसाच आकडा दिसला, की वाक्य ठरलेलं असतं : "तो आउटलायर आहे, काढून टाका." टीम लीडपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं रुळलंय, की ते शास्त्रीयच वाटायला लागलंय. ते शास्त्रीय नाही, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

गैरसमज : आउटलायर म्हणजे चुकीचा आकडा, तो काढला की खरं चित्र दिसतं

वस्तुस्थिती : आउटलायर म्हणजे बाकीच्या आकड्यांपासून फार लांब पडलेला आकडा, इतकंच. तो चुकीचा आहे की खरा, हे त्याच्या लांब असण्यावरून कळत नाही.

एक उदाहरण सविस्तर बघू. समजा, गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक टीम आहे. एका महिन्यात तिने दहा टिकेटं बंद केली. काम हातात घेतल्यापासून ते पूर्ण होईपर्यंत लागलेले दिवस असे : १, २, २, ३, ३, ३, ४, ४, ५ आणि ४३. सरासरी येते ७ दिवस. पण दहापैकी नऊ कामं पाच दिवसांच्या आत झालेली आहेत, म्हणजे ही सरासरी टीमच्या एकाही कामाचं वर्णन करत नाही. ४३ काढला, की सरासरी थेट ३ वर येते. डॅशबोर्ड हिरवा होतो आणि मीटिंग संपते.

आता ४३ दिवसांच्या त्या टिकेटचा इतिहास उघडा. समजा, त्यात कोड लिहायला चार दिवस गेले. उरलेले ३९ दिवस काम टेस्ट बेंचच्या रांगेत पडून होतं, कारण तीन टीमना मिळून बेंच एकच आहे. पुढच्या तिमाहीत अशी आणखी कामं येणार असतील, तर महिन्याभरातली सगळ्यात उपयोगाची माहिती या एका आकड्यात होती आणि आपण नेमका तोच पुसला. उलट, काम पाचव्या दिवशी झालं होतं आणि टिकेट बंद करायचं फक्त राहून गेलं होतं, असं इतिहासात दिसलं असतं, तर ४३ हा नोंदीतला दोष ठरला असता आणि तो दुरुस्त करणं बरोबरच होतं. आकडा दोन्ही वेळा ४३ च आहे. निर्णय मात्र उलटे आहेत, आणि कुठला घ्यायचा हे टिकेट उघडल्याशिवाय ठरत नाही.

यावर काहींचं उत्तर असतं, "आम्ही मनाने काढत नाही, तीन सिग्माचा नियम लावतो." वरच्याच आकड्यांना तो लावून बघा. प्रमाण विचलन, म्हणजेच सिग्मा, येतं १२.७ आणि तीन सिग्माची वरची मर्यादा येते सुमारे ४५. म्हणजे ४३ हा या नियमाने आउटलायरच नाही! त्या जागी ४३० लिहिला, तरी तो सापडणार नाही. एकटा मोठा आकडा सरासरीलाही स्वतःकडे ओढतो आणि विचलनही फुगवतो. गणित असं सांगतं, की दहा आकड्यांच्या संचात कुठलाही आकडा सरासरीपासून २.८५ सिग्मापेक्षा लांब जाऊच शकत नाही. दहा-बारा टिकेटांच्या स्प्रिंटला हा नियम लावणं म्हणूनच व्यर्थ आहे. मग कारखान्यातला कंट्रोल चार्टही तीन सिग्माच वापरतो, तो कसा चालतो? तिथे मर्यादा आधीच्या स्थिर उत्पादनातल्या चढउतारांवरून आखलेली असते. संशयित बिंदूला स्वतःची मर्यादा ठरवू दिली जात नाही.

थोड्या आकड्यांसाठी जॉन टुकी यांनी १९७७ च्या पुस्तकात दिलेली पद्धत बरी. खालचं चतुर्थक २, वरचं ४, अंतर २. त्या अंतराची दीडपट वरच्या चतुर्थकात मिळवली, की कुंपण ७ वर पडतं आणि ४३ लगेच उघडा पडतो. पण कुंपणाबाहेरच्या आकड्याची चौकशी करायची असते. कुंपण म्हणजे हाकलून देण्याचा परवाना नव्हे.

या वादात ओझोनच्या छिद्राची गोष्ट हमखास निघते : नासाच्या संगणकाने अंटार्क्टिकावरचे कमी आकडे आउटलायर म्हणून फेकून दिले, त्यामुळे शोध ब्रिटिशांनी लावला. हाही गैरसमजच. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा निबंध १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आधी आला, हे खरं. पण नासाच्या प्रणालीने १८० डॉबसन युनिटच्या खालच्या आकड्यांवर फक्त खूण केली होती. आकडे जपून ठेवलेले होते. म्हणूनच निम्बस-७ उपग्रहाच्या त्याच नोंदींवरून छिद्राचा विस्तार लगेच दाखवता आला. खूण करणं आणि पुसणं यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

कंट्रोल चार्टचे जनक वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्येच चढउतारांचे दोन प्रकार वेगळे केले : प्रक्रियेत रोज होणारे आणि एखाद्या विशिष्ट कारणाने झालेले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते भारतात येऊन गेले. आपल्या कारखान्यांनी हा विचार अंगी बाणवला. त्याच रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी तो का घेऊ नये, याला मला एकही पटणारं कारण सापडत नाही.

मग अहवालात लिहायचं काय? सरासरीऐवजी मध्यक द्या. वरच्या उदाहरणात तो ३ आहे, आणि ४३ च्या जागी ४३० आला तरी ३ च राहतो. पण एकटा मध्यकही पुरत नाही, कारण तो लांबच्या आकड्याची दखलच घेत नाही. सोबत ८५ वं किंवा ९० वं शतमक द्या. निगडीहून हिंजवडीला वेळेवर पोचायचं असेल, तर माणूस सरासरी वेळ धरून निघत नाही. दहातल्या नऊ दिवशी पुरेल इतका वेळ हाताशी ठेवतो. ग्राहकाला तारीख देतानाही हेच धोरण हवं.

लांबचे आकडे दुर्लक्षून चालत नाही, याचा पुरावा हवा असेल तर बेंट फ्लीव्हब्यर्ग आणि अलेक्झांडर बुड्झियर यांचा २०११ चा 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधला लेख वाचा. त्यांनी १,४७१ आयटी प्रकल्प तपासले. खर्चातली सरासरी वाढ होती २७ टक्के, म्हणजे सोसण्याजोगी. पण दर सहातला एक प्रकल्प असा होता, की त्याचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी वाढला आणि मुदत जवळपास ७० टक्क्यांनी लांबली. कंपन्या बुडतात त्या या सहाव्या प्रकल्पात, सरासरीत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात

"एक चांगला प्रोग्रामर इतरांच्या अठ्ठावीस पट काम करतो." हा आकडा १९६८ च्या एका प्रयोगातला आहे. त्यात अनुभवी प्रोग्रामर होते फक्त १२, आणि वेगवेगळ्या परिस्थितीत, वेगवेगळ्या भाषांत काम करणाऱ्यांची त्यात सरमिसळ झाली होती. लुट्झ प्रेखेल्ट यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर दाखवून दिलं. माणसामाणसांत फरक असतो, पण इतका नाही.

"कामगिरी घंटाकृती आलेखातच बसते." अर्नेस्ट ओबॉयल आणि हर्मन अग्विनिस यांनी २०१२ मध्ये ६,३३,२६३ जणांची माहिती तपासली, तेव्हा बहुतेक क्षेत्रांत ती तशी बसली नाही. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. पण आठ जणांच्या टीममध्ये सक्तीने एकाला तळाशी बसवण्याचं समर्थन त्या वादातूनही निघत नाही. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली, इन्फोसिसने २०१५ मध्ये.

"बिघाड दुरुस्तीची सरासरी वेळ घटली, म्हणजे टीम सुधारली." गूगलच्या श्टेपान डाव्हिडोव्हिच यांनी २०२१ मध्ये खऱ्या नोंदींवर सिम्युलेशन करून दाखवलं, की काहीही न सुधारता ही सरासरी निव्वळ योगायोगाने बरीच खाली-वर होऊ शकते.

"सरासरीच्या खाली म्हणजे कमकुवत." साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आहाराबद्दल हेच बजावलं होतं : एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक बदलतो, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. त्यावरून अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा गाजलेला वाद झाला. पण माणसाचे स्वतःचे चढउतार मोजल्याशिवाय त्याच्यावर शिक्का मारू नये, हा मुद्दा एका स्प्रिंटवरून अप्रेझल ठरवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावा.

"आउटलायर नेहमी वाईट बाजूलाच असतो." दहा मिनिटांत बंद झालेलं टिकेटही उघडून बघा. ते बहुधा दुबार नोंदवलेलं असतं, किंवा काम न होताच मिटवलेलं.

पुढच्या रिव्ह्यूत एवढं करा. जो आकडा काढायचा असेल, त्याचा टिकेट क्रमांक, काढण्याचं कारण आणि ठरवणाऱ्याचं नाव आलेखाखाली लिहा, आणि आकडा मूळ नोंदीत राहू द्या. कारण लिहिता येत नसेल, तर आकडा काढू नका. या आकड्यांवर कुणाची बढती अडते, कुणाला इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर टाकलं जातं. बेंचच्या रांगेत गेलेले ३९ दिवस एखाद्या मुलीच्या नावावर आळस म्हणून जमा होत असतील, तर तो अन्याय आहे. आणि तो टाळायला टिकेटचा इतिहास वाचण्याइतकाच वेळ लागतो.