बँकेतला कप्तान

"खेळून का कुणाचे पोट भरले आहे?" हा प्रश्न मराठी घरातल्या प्रत्येक खेळकर मुलाला एकदा तरी ऐकावा लागतो. आमच्या यवतमाळात माझ्या वर्गातली चांगली खेळणारी मुले शेवटच्या वर्षाला मैदान सोडतात आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके हाती धरतात. अशा वेळी मला हटकून अजित वाडेकर आठवतात.

वाडेकरांचा जन्म १९४१ सालचा, मुंबईचा. मुलाने इंजिनियर व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलगा रमला क्रिकेटमध्ये. पण त्या काळी क्रिकेटवर संसार चालत नसे. कसोटी खेळणारा गडीही कुठल्या तरी कचेरीत नोकरीला असे. वाडेकर लागले स्टेट बँकेत. मुंबईत बँका आणि कंपन्या आपापले संघ बाळगीत, टाइम्स शील्डसाठी झुंजत आणि त्यापायी खेळाडूंना जागा देत.

हाच बँकवाला १९७१ साली भारताचा कप्तान झाला. त्याने वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवले आणि त्याच वर्षी ऑगस्टात ओव्हलवर इंग्लंडलाही. शेवटच्या दिवशी स्वतः धावबाद होऊन परतल्यावर हा गृहस्थ चक्क झोपी गेला!

पण लोकांचे प्रेम म्हणजे श्रावणातले ऊन. १९७४ साली लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला, तिन्ही कसोट्या गेल्या, आणि वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तेहतिसाव्या वर्षी त्यांचे क्रिकेट संपले. आता विचार करा, वाचकहो, हाती नुसती बॅटच असती तर? बँकेतली खुर्ची मात्र जागच्या जागी होती. तिथे ते वरिष्ठ अधिकारी झाले. पुढे १९९०च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून मैदानावरही मानाने परतले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते निवर्तले.

वाडेकरांना नोकरी आणि खेळ यांतले एक निवडावे लागले नाही, कारण दोन्ही सांभाळणारी संस्था त्यांच्या पाठीशी होती. आज सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्या मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्यांसाठी. त्या पायरीपर्यंत पोरगा पोचायचा कसा? तेव्हा पोटाचा तो प्रश्न मुलाला विचारण्याआधी आपल्या गावातल्या बँकांना, सूतगिरण्यांना, व्यापाऱ्यांना विचारू या: तुमच्याकडे एका खेळाडूपुरती खुर्ची आहे का?