डोलकाठीवर ‘सोड’ म्हणायचं नाही

शिडाच्या होडीवरच्या आमच्या संसाराचे फोटो पाहणाऱ्यांना फुगलेली शिडं दिसतात. डोलकाठीच्या शेंड्यावरचा दिवा कुणाला दिसत नाही. आमचा तो दिवा मलेशियात, लंगकावी बेटावरच्या कुआ गावासमोर नांगर टाकलेला असताना गेला. नांगरलेल्या होडीवर रात्री चौफेर दिसणारा पांढरा दिवा हवाच, हा आंतरराष्ट्रीय नियम. ती रात्र पुढच्या दोराला कंदील टांगून काढली.

वर मी जाते. माझं वजन 52 किलो, नवऱ्याचं 81. विंच फिरवून दोर ओढायला त्याचे दंड, लटकायला मी, ही वाटणी पहिल्याच वर्षी ठरली. बोसन्स चेअर म्हणजे जाड कापडाचा झोपाळा; शीड चढवायच्या दोरालाच तो बांधतात. त्या दोराच्या टोकाला झटकन उघडणारी कडी असते. तिच्यावर जीव टांगायचा नाही, दोर ओवून बोलाइन गाठच मारायची. कमरेच्या पट्ट्याला दुसरा दोर, वेगळ्या कप्पीवरून आलेला, वेगळ्या विंचवर बांधलेला. डेकपासून हातभर वर गेल्यावर दोन-चार हिसके द्यायचे, मगच पुढे. पाना, स्क्रू ड्रायव्हर सगळं सुतळीनं पिशवीला बांधलेलं, आणि तरीही नवरा कधी माझ्या थेट खाली उभा राहत नाही.

सकाळी वारा पडला होता. किनाऱ्यावरचा गरुडाचा पुतळा 12 मीटर उंच, आमची डोलकाठी 14. दिव्याच्या टोपणाचे तीन स्क्रू निघाले, चौथा मिठानं जाम. तेवढ्यात कुआला पर्लिसची फेरी गेली. डेकवर चहाचा कप हिंदकळेल एवढीच लाट, पण शेंड्यावर त्याचा मोठा झोका होतो. मी डोलकाठीला हातापायांनी मिठी मारली. खालून हाक आली, “निघतोय का?”

“नाही रे, सोड!”

म्हणजे, नाद सोड. त्यानं दोर सोडायला सुरुवात केली. मी हातभर घसरले, कमरेचा दोर ताणला आणि तिथंच अडकले.

चूक त्याची नव्हती. दोर धरलेल्या माणसासाठी वरून आलेला शब्द म्हणजे हुकूम, आणि मी शब्द निष्काळजीपणानं टाकला. त्या दिवसापासून डोलकाठीवर तीनच शब्द: ‘वर’, ‘थांब’, ‘खाली’. त्यातला कुठलाही शब्द ऐकला की नवरा तो मोठ्यानं परत म्हणतो, माझा हात हललेला पाहतो आणि मगच दोराला हात लावतो. बाकीचं बोलणं खाली उतरल्यावर.

चौथा स्क्रू रात्रभर तेल मुरल्यावर दुसऱ्या दिवशी निघाला. दिवा लागला.

जोडीनं डोलकाठीवर काम करणार असाल, तर शब्द आधी डेकवर ठरवा, आणि दुसरा दोर बांधल्याशिवाय पाय उचलू नका.